दर चवथीला मेमरी कमी दाखवणारा स्पेक्ट्रम

तीन वर्षं ओळीने एकच गोष्ट घडली. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी गोव्यातल्या बोरीच्या घरी मुंबई, बेळगाव, वास्कोहून सगळे जमतात, माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची मांडणी) बांधून होते, रात्री जेवणं आटोपतात आणि पोरं माजघरात माझ्या मामाचा स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा जुना घरगुती कॉम्प्युटर, मांडून बसतात. तो नेमका त्याच रात्री दगा देतो. कधी खेळ शेवटपर्यंत लोड होतो आणि सुरू होताना पडदा पांढरा होऊन मशीन रिसेट होतं. कधी मशीनला एसडी कार्ड सापडतच नाही. कधी मशीन व्यवस्थित सुरू होतं, पण मेमरी ४८के (किलोबाइट) ऐवजी १६केच असल्यासारखं वागतं. सकाळी बघावं तर सगळं ठीक. भाची मला म्हणाली, "मामा, काल तर म्हणत होतास दुरुस्त झालंय!" आणि मी खरंच दुरुस्त केलं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

यंदाच्या पावसाळ्यात मी या दोषाच्या मुळाशी गेलो. ज्यांनी जुन्या स्पेक्ट्रमची मेमरी वाढवली आहे किंवा मागे एसडी कार्डाचा इंटरफेस लावला आहे आणि जे कोकणपट्टीच्या हवेत राहतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. भारतात परवान्याने तयार झालेला डीबी स्पेक्ट्रम+ ज्यांच्याकडे असेल, त्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी मशीन कोणतं ते सांगतो. माझा मामा बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. त्याने साउथॅम्प्टनहून आणलेला हा १६केचा स्पेक्ट्रम. १९८२च्या एप्रिलमध्ये हे मशीन निघालं तेव्हा १६केची किंमत १२५ पौंड होती आणि ४८केची १७५. मामाने स्वस्तातला घेतला, यात नवल नाही. पण बोर्ड दोन्हींचा एकच. १६केच्या बोर्डावर वरच्या ३२केसाठी जागा रिकामी सोडलेली असते. तिथे आठ मेमरी आयसी आणि चार लॉजिक आयसी बसवले की मशीन ४८केचं होतं. चार वर्षांपूर्वी मी ते बसवले, आयसी बेस लावून, म्हणजे आयसी सोल्डर न करता सॉकेटात खोचून. पुढच्या वर्षी बोर्डाच्या मागच्या कडेवरच्या पट्ट्यांना डिव्हएमएमसी हा एसडी कार्डाचा इंटरफेस लावला. त्याआधी कॅसेटवरून एक खेळ चढायला चार-पाच मिनिटं लागायची, आता बटण दाबून यादीतून निवडला की दोन-तीन सेकंदांत सुरू. मामा हे बघायला असता तर त्याला फार आनंद झाला असता.

म्हणजे मेमरी वाढली, साठवण वाढली, आणि त्याच वर्षापासून त्रासही सुरू झाला. हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं आहे हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मी काय काय चुकीचं केलं

पहिल्या वर्षी सरळ मेमरी आयसी बदलले. आठही. मशीन चाललं आणि मला वाटलं, आयसीच खराब होते. खरं तर जुने काढून नवे दाबून बसवताना प्रत्येक पिन बेसच्या पट्टीवर घासली गेली, कॉन्टॅक्ट साफ झाला, आणि मशीन त्यामुळे चाललं. काढलेले आठ आयसी मी एका डबीत ठेवले होते. यंदा ते एकेक करून तपासले, तर आठही चांगले निघाले.

दुसऱ्या वर्षी संशय कार्डावर गेला. कार्ड नवं घेतलं, फॉर्मॅट केलं, ईएसएक्सडॉसच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फायली पुन्हा टाकल्या. चाललं. दहा दिवसांनी पुन्हा तेच. कार्डाचेही काही खरे दोष असतात, ते पुढे सांगतो, पण हा त्यातला नव्हता.

तिसऱ्या वर्षी फोंड्याच्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मशीन घेऊन गेलो. त्यांनी असला कॉम्प्युटर कधी उघडलेला नव्हता. त्यांनी बोर्ड उजेडाकडे धरला, बेसमधल्या आयसींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाब, एवढे सगळे बेस कशाला लावलेस? पावसात आमच्याकडे येणारे दहातले सहा सेट असल्या लूज कॉन्टॅक्टचेच असतात. आधी कॉन्टॅक्ट बघ, मग आयसी बदल." त्या दिवशी मी हे मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

घरी येऊन पुढे केव्हातरी मी मोजलं. मेमरीचे आठ आयसी प्रत्येकी १६ पायांचे. लॉजिकचे दोन १६ पायांचे, दोन १४ पायांचे. म्हणजे बेसमध्ये १८८ कॉन्टॅक्ट. मागच्या कडेला एका बाजूला २८ असे ५६, त्यातली एक जागा दोन्ही बाजूंनी खाचेत जाते, राहिले ५४. कार्डाचे ९. एकूण २५१ ठिकाणी धातू धातूला नुसता टेकलेला आहे, सोल्डर नाही. मामाने आणलं तेव्हा या २५१पैकी काहीच वापरात नव्हतं. हे सगळं मी वाढवलं.

मशीन स्वतः काय सांगतं

स्पेक्ट्रम सुरू होताना स्वतःची मेमरी तपासतो. आपण पाहतो तो सिंक्लेअरचा १९८२चा कॉपीराइट मजकूर दिसण्याआधी पडदा क्षणभर काळा असतो, त्या वेळात हे काम चालतं. सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरला जातो, मग खालून वर जात प्रत्येक जागेतून दोनदा एकेक वजा करून शून्य येतं का ते बघितलं जातं. जिथे येत नाही तिथे तपासणी थांबते आणि त्याच्या आधीचा पत्ता 'मेमरी इथपर्यंत' म्हणून लिहून ठेवला जातो. तो मशीनच्या बेसिक भाषेत वाचायचा असा:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के. ३२७६७ आलं तर वरचे ३२के मशीनला दिसलेच नाहीत. मधलाच कुठला आकडा आला तर तिथे तपासणी अडली.

आता महत्त्वाचं. हा आकडा एकदा बघून काही कळत नाही. मशीन बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा, पुन्हा बघा. असं दहा वेळा. वहीत लिहा. मी एका रात्री वीस वेळा केलं. बारा वेळा ६५५३५, पाच वेळा ३२७६७, आणि तीन वेळा तीन वेगवेगळे मधले आकडे. मेमरी आयसीतली एखादी जागा मेली असती तर दर वेळी तोच आकडा यायला हवा होता. मेलेली जागा हिंडत नाही. आकडा बदलत असेल तर संशय आधी कॉन्टॅक्टवर आणि पॉवरवर घ्या. एक तिसरी शक्यता असते: आयसी गरम झाल्यावर बिघडतो. मग पहिली पंधरा-वीस मिनिटं आकडा ठीक येतो आणि नंतर सतत चुकतो. माझ्याकडे तसा क्रम नव्हता. पहिल्याच मिनिटाला चुकायचं आणि तासाभराने बरोबर यायचं.

ही तपासणी डिव्हएमएमसी काढून करा. आणि काढताना, लावताना पॉवर बंद. हे मी दोनदा लिहिलं तरी कमीच. मागच्या कडेवर ५, ९, १२ आणि उणे ५ व्होल्ट सगळे येतात. चालू मशीनवर इंटरफेस हलला आणि दोन पट्ट्या चिकटल्या, तर बोर्डावरचा टीआर४ हा ट्रान्झिस्टर बहुधा पहिला जातो. तो गेला की उणे ५ व्होल्ट जातात, आणि ते नसले की खालच्या १६केतले ४११६ या नंबरचे मेमरी आयसी तापून उडतात. साध्या लूज कॉन्टॅक्टचं मोठं नुकसान होतं ते असं.

पॉवर आधी मोजून घ्यावी. ४११६च्या पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५ व्होल्ट, पिन १६ ग्राउंड. माझे तिन्ही ठीक होते. अडॅप्टर मी ९ व्होल्टचा नवा घेतला आहे, २ अँपिअरचा. स्पेक्ट्रमला मधली पिन निगेटिव्ह लागते, आणि बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर मध्ये पॉझिटिव्ह असतात. लावण्याआधी मल्टिमीटरने बघा.

कोणता आयसी, ते कसं ओळखायचं

या मशीनची एक चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक मेमरी आयसी एकच बिट सांभाळतो. वरच्या मेमरीत आयसी१५ म्हणजे १, आयसी१६ म्हणजे २, आयसी१७ म्हणजे ४, असं दुप्पट करत आयसी२२ म्हणजे १२८. म्हणून २५५ लिहून (पोक) वाचायचं (पीक). परत २३९ आलं तर १६ कमी पडले, म्हणजे आयसी१९. ० लिहून १६ परत आलं तरी तोच.

पण आधी एक काम करावं लागतं, आणि ते मी सुरुवातीला करत नव्हतो. मशीनला ४८के दिसले असतील तर त्याचा स्टॅक, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींची जागा, वरच्या मेमरीत असतो. तुम्ही बोर्डाला हात लावला, तिथला कॉन्टॅक्ट क्षणभर सुटला की मशीन कोसळतं आणि काहीच कळत नाही. म्हणून आधी

क्लिअर ३२७६७

द्या. स्टॅक खालच्या, भरवशाच्या मेमरीत येतो. मग ही एक ओळ:

१० पोक ४००००,२५५: प्रिंट अ‍ॅट ०,०; पीक ४००००; "   ": गो टू १०

रन केलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात २५५ सतत लिहिलं जात राहतं. आता झाकण उघडून एकेका आयसीला वरून हलकं दाबायचं. बोटाने नको, बोटाच्या ओलाव्याचा परिणाम होतो. माटोळीच्या कामातून उरलेली बांबूची कोरडी काडी माझ्याकडे होती, तीच वापरली. आयसी१५, काही नाही. १६, काही नाही. १७, १८. आयसी१९च्या एका टोकाला काडी टेकली मात्र, आकडा २५५, २३९, २५५, २३९ असा थरथरायला लागला. रात्रीचे साडेबारा वाजले होते, बाहेर पाऊस धो धो, आणि मी घरातल्यांना हाका मारून उठवलं. तीन वर्षं जे हातातून निसटत होतं ते डोळ्यांपुढे थरथरत होतं.

आयसी काढून भिंगाखाली पाहिला. पिन १४, म्हणजे आयसीचा डेटा जिथून बाहेर पडतो ती. तिच्यावर, जिथे बेसची पट्टी टेकते तिथे, बारीकशी काळी रेघ होती, समईच्या काजळीसारखी. कापसाने पुसली तर कापूस काळा झाला. बेसच्या आत पाहिलं तर स्प्रिंगची पट्टी एका बाजूला दबून गेलेली, पिनला जेमतेम शिवणारी. शेजारच्या बेसमध्येही हेच, कमी-जास्त.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. माझ्या या साध्या बेसच्या पट्ट्यांवर कथिलाचा मुलामा होता. कथिलावर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर धरतो. आयसी बेसमध्ये दाबताना तो थर फुटतो आणि धातू धातूला मिळतो, म्हणून नवा कॉन्टॅक्ट चांगला चालतो. पण मशीन तापतं, निवतं, कीबोर्डची कळ दाबताना बोर्ड हलतो, आणि पिन पट्टीवर केसाच्या जाडीहूनही कमी अंतर मागेपुढे सरकत राहते. दर सरकण्याला नवा कथिल उघडा पडतो, त्यावर पुन्हा ऑक्साइड, आणि त्याची भुकटी तिथेच साचत जाते. भुकटीतून वीज जात नाही. हे कोरड्या हवेतही होतं. आमचं घर चिऱ्याचं, झुआरीच्या जवळ. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि हवेत खार असतो. उघड्या धातूवर तो ओलसर खार बसला की काम झपाट्याने होतं. मशीन वापरून गरम झालं की ओल उडते, कॉन्टॅक्ट थोडा सुधारतो. म्हणूनच तासाभराने बरं वाटायचं. आणि मी वर्षभर कपाटात ठेवून चवथीला काढायचो, म्हणजे तीन महिने ओल खाल्लेलं मशीन थेट मुलांपुढे. चवथीचाच मुहूर्त का साधतो, याचं उत्तर एवढंच होतं.

मागची कडा

कार्डाचा त्रास वेगळा आहे असं मी समजत होतो. तोही हाच निघाला, आणि तो पकडण्याची रीत मला जास्त आवडली, कारण तिथे अंदाजाला जागाच नाही. मशीन चालू असताना स्पेक्ट्रमच्या बोर्डावर ५ व्होल्ट मोजले: ४.९८. मग काळा प्रोब ग्राउंडवरच ठेवून डिव्हएमएमसीवरच्या आयसीच्या पॉवर पिनवर मोजले: ४.७१. मधल्या कॉन्टॅक्टमध्ये ०.२७ व्होल्ट गायब. टीटीएल प्रकारच्या लॉजिक आयसीला किमान ४.७५ लागतात. पॉवरच्याच पट्टीवर एवढी घट असेल तर सिग्नलच्या पट्ट्यांची काय अवस्था असेल. साफ केल्यानंतर तोच फरक ०.०२वर आला.

कडा साफ करण्याबद्दल सगळे खोडरबर सांगतात. माझं मत: मऊ पांढरा रबर, एकदाच, हलक्या हाताने, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसून काढणं. खरखरीत शाईचा रबर किंवा पॉलिश पेपर कधीच नाही, त्याने मुलामाच जातो आणि खालचं तांबं उघडं पडतं, मग आपल्या हवेत ते हिरवं व्हायला वेळ लागत नाही. इंटरफेसच्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या विसरू नका. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलमध्ये भिजवून आत-बाहेर केलं की आतला काळेपणा कापडावर येतो. वाळल्यावर कॉन्टॅक्टसाठीचं ल्युब्रिकंट अगदी नाममात्र लावलं. कथिलाच्या कॉन्टॅक्टवर हा तेलकट थर हवा अडवतो आणि घासही कमी करतो. गंज सोडवायचे साधे स्प्रे इथे वापरू नका.

पण साफसफाईने फक्त महिना-दीड महिना मिळतो, कारण हलणं थांबत नाही. डिव्हएमएमसी मागच्या कडेवर नुसतं अडकवलेलं असतं, खालून आधार नाही. कळ जोरात दाबली किंवा जॉयस्टिकची वायर ओढली गेली, की ते डोलतं. त्यासाठी फणसाच्या लाकडाची एक फळी घेतली, स्पेक्ट्रम तिच्यावर पक्का बसवला आणि इंटरफेसच्या खाली नेमक्या उंचीचा लाकडी तुकडा चिकटवला. माझ्याकडे ती उंची ११ मिलिमीटर निघाली. तुमची तुम्ही मोजा, कारण जास्त झाली तर इंटरफेस वर ढकलला जाऊन उलटाच ताण येतो. आता मशीन उचलायचं तर फळीसकट उचलायचं. या एका फळीने सगळ्यात जास्त फरक पडला, असं मी खात्रीने सांगतो.

बेसचं काय केलं

लॉजिकचे चार आयसी, म्हणजे ७४एलएस३२, ७४एलएस०० आणि दोन ७४एलएस१५७, बेस काढून थेट बोर्डावर सोल्डर केले. हे आयसी सहसा जात नाहीत, आणि गेले तरी स्वस्त आहेत. ६० कॉन्टॅक्ट तिथेच कमी झाले. मेमरी आयसी मात्र जातात, म्हणून त्यांना बेस ठेवला, पण गोल पिनचा. त्यात पिनेला चारही बाजूंनी पकड मिळते. साध्या बेसपेक्षा बराच महाग पडतो, आणि आठ बेस काढून आठ घालायला माझा अख्खा रविवार गेला. बेस उपटताना बोर्डाचा ट्रॅक निघू शकतो. पंपने ओढत बसण्यापेक्षा बेसचं प्लॅस्टिक कापून एकेक पिन गरम करून चिमट्याने काढली तर बोर्ड वाचतो.

जे आता नव्याने वाढवणार आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वरच्या मेमरीत मुळात ४५३२ किंवा त्यासारखे आयसी असायचे. ते म्हणजे ६४ किलोबिटचे, पण ज्यांचा अर्धाच भाग चांगला निघाला असे. कोणता अर्धा, ते आयसीच्या नंबरच्या शेवटी असतं आणि बोर्डावरची वायर लिंक त्याप्रमाणे लावावी लागते. आठातला एक जरी दुसऱ्या अर्ध्याचा आला तर मेमरी चुकते, आणि हा दोष अगदी लूज कॉन्टॅक्टसारखा फसवतो. जुने आयसी शोधत बसू नका, पूर्ण ४१६४ घ्या. त्यांना कोणतीही बाजू चालते. दुसरी गोष्ट: हाच ४१६४ खालच्या मेमरीत ४११६च्या जागी नुसता खोचू नका. पाय तेवढेच, पण ४११६च्या पिन ८ वर १२ व्होल्ट येतात आणि ४१६४ला तिथे ५ लागतात. पहिल्याच सेकंदाला जातो.

कार्डाचे खरे दोष

हे थोडक्यात, कारण यांची ओळख सोपी आहे: हे दोष हवेप्रमाणे बदलत नाहीत. कार्ड ३२ जीबी किंवा कमी, फॅट३२मध्ये फॉर्मॅट केलेलं हवं. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, ती वाचली जात नाहीत. इंटरफेसमधली ईएसएक्सडॉसची आवृत्ती आणि कार्डावरच्या सिस् व बिन या फोल्डरांची आवृत्ती एकच हवी, नाहीतर सुरुवातीलाच अडतं. बाजारात बनावट कार्डं फार आहेत, सांगतात तेवढी जागा त्यात नसते, म्हणून नवं कार्ड आधी कॉम्प्युटरवर पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासा. आणि सेव्ह चालू असताना कार्ड ओढू नका.

ओल

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ ओल फार शोषत नाही आणि त्याचा पीठकण कीबोर्डात आणि सॉकेटात जाऊन बसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणला, फळीसकट मशीन मावेल असा. आत सिलिका जेलच्या अर्धा किलोच्या दोन पिशव्या. निळ्या दाण्यांचं जेल ओल खाऊन गुलाबी होतं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा निळं. पावसाळ्यात माझं दर दोन आठवड्यांनी करावं लागतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि खाण्याच्या भांड्यात तापवू नका.

एसीच्या खोलीतून मशीन थेट ओसरीवर आणलं तर थंड बोर्डावर दव धरतं. डबा बंदच ठेवून तासभर बाहेरच्या हवेला येऊ द्या, मग उघडा. आणि कपाटात ठेवून विसरू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. त्या अर्ध्या तासात आकडा बघून वहीत लिहायचा, बस.

यंदा जूनच्या मध्यापासून चवथीपर्यंत ११ शनिवार झाले. दर शनिवारी पाच वेळा चालू-बंद, म्हणजे ५५ नोंदी. ५४ वेळा ६५५३५. एकदा, जुलैच्या शेवटी, ३२७६७. झाकण उघडून काडी टेकवली, २५५ स्थिर. वीस मिनिटं शोधत होतो. शेवटी दिसलं की आयसी२२ बेसमध्ये एका टोकाने तिळभर वर आलेला आहे. बसवतानाच मी तो पुरता दाबला नव्हता. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबला, टक् असा आवाज आला. चवथीच्या रात्री पोरं दीड वाजेपर्यंत खेळत होती.